एजंट नंतर विचारा, आधी फोल्डर सांगा

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'कोडिंग एजंटसाठी डेस्कटॉप लाँचर', म्हणजे आपल्यासाठी कोड लिहिणारे एआय प्रोग्राम एका क्लिकमध्ये सुरू करणारं छोटं ॲप. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी स्वतःचा लाँचर लिहिला असणार, उरलेले आज रात्री लिहितील. (हशा) हसू नका, तो आता एका संध्याकाळचा उद्योग झालाय, कारण तोही एजंटच लिहून देतो.

२०२५ आठवा. फेब्रुवारीत क्लॉड कोड, एप्रिलमध्ये कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये जेमिनी सीएलआय. तिघंही टर्मिनलमधले, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणारे. मग लोक म्हणाले, रोज टर्मिनल उघडा, सीडी ही कमांड देत फोल्डर गाठा, कमांड मारा, त्यापेक्षा एक आयकॉन का नको? रास्त आहे. पण बहुतेक लाँचर उघडल्या उघडल्या विचारतात, 'एजंट कोणता?' माझं म्हणणं, हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न, कुठे?

त्याकडे येतोच, पण आधी पाथ, म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी. पाथवर बोलल्याशिवाय मला इथून उतरवता येणार नाही.

आयकॉन सुंदर केलेला असतो. क्लिक करता आणि उत्तर येतं, 'कमांड नॉट फाउंड'. टर्मिनलमध्ये तीच कमांड गुमान चालते. का? मॅकवर डॉकमधून उघडलेल्या ॲपला तुमची झेडएसएचआरसी, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगची फाइल, कुणी वाचून दाखवत नाही. ती वाचते इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड घेणारा प्रोग्राम. ॲपला मिळतो लाँचडीने, म्हणजे मॅकवर प्रोग्राम सुरू करणाऱ्या यंत्रणेने, दिलेला मोजका पाथ: यूएसआर-बिन, बिन आणि दोन एसबिन ही सिस्टिमची फोल्डर. प्रोग्राम बसवून देणाऱ्या होमब्रूचं फोल्डर त्यात नाही. एनव्हीएम या साधनाने बसवलेला नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, तर नाहीच, कारण त्याचं सगळं बिऱ्हाड त्या आरसी फाइलमध्ये. लिनक्सवाले गालात हसतायत, पण त्यांची गत वेगळी नाही. आयकॉनच्या डॉट डेस्कटॉप फाइलमध्ये एक्झेक, म्हणजे चालवायची कमांड, लिहिली, झालं? उबुंटू लिनक्समधल्या बॅशआरसी या तशाच सेटिंग फाइलच्या तोंडालाच लिहिलंय की शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिरा. खाली तुम्ही हौसेने लिहिलेल्या पाथच्या ओळी मग कोण वाचणार?

मी एका कंपनीत होतो, नाव सोडा, तिथे यावर तोडगा म्हणून एकाचा पूर्ण पाथ सगळ्यांच्या लाँचरमध्ये चिकटवला होता, त्याच्या होम फोल्डरसकट. नवा माणूस रुजू झाला की त्याच्या मशीनवर त्या गृहस्थांच्या नावाचं फोल्डर करून द्यायचे. गृहस्थ नोकरी सोडून गेले, फोल्डर राहिलं. कोड लिहायचं व्हीएस कोड हे ॲप काय करतं बघा: मागच्या मागे तुमचं शेल सुरू करतं, त्यातलं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पाथ वगैरे सेटिंग, उचलतं आणि फार वेळ लागला तर तक्रार करतं. तेवढं तरी करा! आणि आरसी फाइलमध्ये स्वागताचं एएससीआयआय, म्हणजे अक्षरांनी काढलेलं, चित्र छापणाऱ्यांनो, ते चित्रही त्या आउटपुटमध्ये येऊन पडतं, बरं का.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं. बरं, आता भराभर.

'कुठे' आधी का? कारण एजंटची ओळख फोल्डर ठरवतं. क्लॉड डॉट एमडी असो की एजंट्स डॉट एमडी, एजंटसाठी लिहिलेल्या सूचनांच्या या फाइली तिथून वाचल्या जातात. क्लॉड कोडला कंटिन्यू सांगितलं तर तो त्या फोल्डरमधलं शेवटचं संभाषण उघडतो. होम फोल्डरमध्ये सुरू केलात तर भलतंच संभाषण आणि हाताशी सगळा पसारा. म्हणून लाँचरने रिपॉझिटरींची, म्हणजे गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनाखालच्या प्रकल्पांची, यादी दाखवावी, प्रत्येकीपुढे ब्रांच, म्हणजे कामाची शाखा, आणि कमिट न केलेले, म्हणजे गिटमध्ये न नोंदवलेले, बदल. हे कळल्याशिवाय सुरू करण्याचं बटण उमटूच नये.

दुसरं, एका फोल्डरात दोन एजंट सोडू नका, एकमेकांच्या फाइली पुसतात. गिट वर्कट्री, म्हणजे त्याच रिपॉझिटरीचं कामासाठीचं वेगळं फोल्डर, २०१५ पासून आहे, वापरा. एकच ब्रांच दोन वर्कट्रीत उघडायला गिट आपणहून नकार देतं, हे फुकटचं कुलूप. फक्त डॉट ईएनव्ही, म्हणजे पासवर्ड-सेटिंगची फाइल, सहसा गिटमध्ये नसते, म्हणून नव्या वर्कट्रीत येत नाही. ती लाँचरने न्यावी.

तिसरं, एजंट काही करण्याआधी मागतो त्या परवानग्या. क्लॉड कोडमध्ये त्या वगळायचा पर्याय आहे, त्याच्या नावातच 'डेंजरसली' आहे. हाताने टाइप करताना माणूस क्षणभर तरी थबकतो. लाँचरमध्ये त्याची चौकट होते, एकदा टिचकी मारली की कायम लक्षात ठेवलेली. ती दर वेळी रिकामी व्हावी, आणि भरलीच तर कंटेनरमध्येच, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यातच, उघडावं. दोन वर्कट्रीत एकाच पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या एकाच दारावरून, होणाऱ्या मारामारीचं राहिलं, ते चहाला विचारा.