सरकार पक्ष हजर आहे, पण कागद कुठंय?

नमस्कार मंडळी. आज कोर्टाबद्दल बोलणार आहे आणि त्यातही सरकारी वकिलांबद्दल, म्हणजे आत्ता जे फौजदारी बाजूचे एपीपी, जिल्हा सरकारी वकील किंवा दिवाणी बाजूचे एजीपी ऐकत असतील त्यांच्याशी तर थेटच बोलणं आहे, पण बाकीच्यांनी रेडिओ बंद करू नका हं, कारण उद्या तुमच्या घरी चोरी झाली, पोरीचा कुणी पाठलाग केला, तर कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहतो तो हाच माणूस, तुम्ही त्याला फी देत नाही म्हणून तो तुमचा नाही असं नसतं.

मी सरकार पक्षाकडून बरीच वर्षं उभी राहिलेय, आणि अलीकडे काय दिसतंय ते आधीच सांगून टाकते. सरकारच्या केसेस युक्तिवादामुळे क्वचितच हरतात, कुठल्यातरी चुकलेल्या तारखेमुळे किंवा न जोडलेल्या कागदामुळे जास्त हरतात. गेल्या दोनेक वर्षांत कायदा जसा बदललाय, त्यानंतर तर हे आणखी वाढलंय.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे आले हे आता पानवाल्यालाही माहिती आहे. आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी साक्ष्य अधिनियम. गोंधळ होतो तो मधल्या केसेसचा. गुन्हा घडला जूनमध्ये आणि एफआयआर झाला ऑगस्टमध्ये, मग काय लावायचं? तर कलमं जुन्या आयपीसीची, कारण गुन्हा तेव्हाचा, आणि तपासाची पद्धत नव्या संहितेची. पण तपास किंवा खटला १ जुलैला आधीच चालू होता तर तो नव्या संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे जुन्या सीआरपीसीनेच पुढे जातो. एवढं डोक्यात पक्कं असलं तरी जामिनाच्या अर्जावर से, म्हणजे सरकारचं लेखी म्हणणं, देताना कलम चुकीचं पडत नाही. चुकलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण समोरचा वकील पहिली दहा मिनिटं त्याच्यावरच खातो.

आता अटकेचं बघू, कारण सध्या सगळ्यात जास्त मार इथे बसतोय. आरोपीला अटकेचा आधार, म्हणजे त्याला का धरलं ते, लेखी द्या असं सुप्रीम कोर्टाने आधी २०२३ मध्ये पंकज बन्सलच्या केसमध्ये सांगितलं, ते मनी लाँडरिंगपुरतं आहे असं आपण म्हणत राहिलो, मग २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थच्या केसमध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याला लागू झालं, तरी आपण म्हणत राहिलो की साध्या गुन्ह्यांना नाही, आणि शेवटी ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात कोर्टाने विषयच संपवला. प्रत्येक गुन्ह्यात, अपवाद नाही, अटकेचा आधार लेखी द्यायचा, आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायचा. अगदी जागेवर लिहून देणं शक्यच नसेल तर तेव्हा तोंडी सांगायचं, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायच्या निदान दोन तास आधी लेखी कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे. नाही पडला तर अटकही बेकायदेशीर, रिमांडही बेकायदेशीर. मूळ केस आपल्याच राज्यातली, त्यामुळे दुसऱ्या राज्याचा निकाल आहे बुवा असं म्हणायचीही सोय नाही.

म्हणून रिमांडला उभं राहण्याआधी आयओकडून, म्हणजे तपास अधिकाऱ्याकडून, तो कागद मागून घ्या आणि स्वतः वाचा. पहिलं बघायचं ते भाषेचं, आरोपी तेलुगू बोलणारा आणि कागद शुद्ध शासकीय मराठीत असेल तर तो दिला काय नि न दिला काय. दुसरं, पोच घेताना वेळ टाकलीय का, नुसती तारीख असेल तर दोन तास मोजणार कुठून. आणि तिसरं, जे बहुतेक जण बघतच नाहीत, की आत लिहिलंय काय. पुरावा नष्ट करू नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून, ही छापील वाक्यं कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात. याच माणसाने नेमकं काय केलं म्हणून याला धरलं, ते त्यात पाहिजे. कागद कच्चा निघाला तर कोर्टापुढे रेटून नेऊ नका, आयओला सांगा की नीट आधार देऊन कस्टडीचा अर्ज कारणांसकट नव्याने करू, निकालातच तशी वाट ठेवलेली आहे. आणि जाता जाता, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हेही जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, तरी स्क्रीनशॉट जोडलेल्या फायली अजून येतात.

आता माझा आवडता विषय, इलेक्ट्रॉनिक पुरावा. हल्ली सीसीटीव्ही, मोबाइल, सीडीआर म्हणजे कॉल रेकॉर्ड, यांच्याशिवाय केसच येत नाही, आणि त्याला लागतं सर्टिफिकेट, जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं ६५ ब, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. यातला मोठा निकाल जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभेला तिथे २९६ मतांचा फरक होता, उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले असा आरोप होता आणि त्याचा पुरावा म्हणजे निवडणूक कचेरीतलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निकाल १४ जुलै २०२० चा. कोर्टाने सांगितलं, मूळ उपकरणच कोर्टात आणत असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर सर्टिफिकेट लागणारच, तोंडी साक्षीने भागणार नाही. त्या केसमध्ये अर्जदारांनी अधिकाऱ्यांकडे परत परत मागूनही सर्टिफिकेट मिळालं नाही म्हणून कोर्टाने त्यांना सवलत दिली, ज्याने सगळे प्रयत्न केले त्याला अशक्य गोष्टीसाठी अडवायचं नाही असं म्हणून. पण ही सवलत आपल्याला मिळेल असं समजू नका, कारण सरकारी वकील कोर्टात काय सांगणार, की आमचेच अधिकारी आम्हाला देत नाहीत?

नव्या कायद्यात सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय, त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग ज्याच्या ताब्यात उपकरण होतं त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हीकडे हॅश व्हॅल्यू लिहायची. ही हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, फाइलमध्ये एक अक्षर जरी हललं तरी ठसा बदलतो. मग होतं काय, की सीसीटीव्ही हॉटेलातला असेल तर हॉटेलवाला पहिला भाग भरून देतो, आयओ पेनड्राइव्ह पाकिटात घालतो, पाकीट एफएसएलला, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेला, जातं आणि हॅश काढलेलीच नसते, आणि सहा महिन्यांनी एफएसएलने काढलेला आकडा कशाशी जुळवायचा हे कुणालाच माहीत नसतं. मॅडम, सर्टिफिकेट नंतर देतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. खोतकरच्या निकालाप्रमाणे खटला संपेपर्यंत ते आणता येतं हे खरं, पण तोवर सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं असतं आणि हॉटेल विकलं गेलेलं असतं. त्यामुळे चार्जशीट तपासायला आली की आधी पुराव्याची यादी काढून बसा, प्रत्येक पेनड्राइव्हसमोर पहिला भाग, दुसरा भाग, हॅश, असं टिक करा आणि जे नाही ते लेखी मागा. तोंडी सांगितलेलं आयओ बदलला की हवेत जातं.

झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं आहे, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅपही आहे. पंचनाम्यात वेळ सकाळी साडेदहा आणि व्हिडिओत खिडकीबाहेर अंधार, असं काही निघालं तर ते चार्जशीटच्या आधी तुम्हाला दिसू दे, उलटतपासात दिसायला नको. बघायला वेळ लागतो, पण बघा.

मुदतींचं पटकन सांगते. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत कागदांच्या नकला, चार्जवरच्या, म्हणजे आरोप निश्चित करायच्या, पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत चार्ज, युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, फार तर ४५. अवघड परिस्थितीतही तारीख दोनदाच वाढवून मिळेल असं कलम ३४६ म्हणतं. प्रत्यक्षात कोर्टाच्या रोजच्या बोर्डावर किती केसेस असतात ते आपल्याला ठाऊक आहे, पण समोरच्याने तारीख मागितली की हे कलम दाखवून विरोध नोंदवा आणि तो रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आला का बघा.

एक कलम मात्र फार उपयोगाचं आहे आणि त्याचा वापर मला कमी दिसतो, ते म्हणजे ३३६. रिपोर्ट करणारा डॉक्टर, अधिकारी किंवा आयओ बदलून गेला, रिटायर झाला, वारला, तर आता त्या पदावर जो आहे त्याच्याकडून त्या कागदाची साक्ष घेता येते, व्हिडिओ कॉन्फरन्सनेही. आणि कागदावर कुणाचा वादच नसेल तर बोलावायचीही गरज नाही. गडचिरोलीहून बदलून सिंधुदुर्गाला गेलेल्या डॉक्टरला चार-चार समन्स काढत बसण्यापेक्षा आधी कलम ३३० खाली आरोपीच्या वकिलाला कागद कबूल आहेत का विचारा, निम्मे साक्षीदार तिथेच कमी होतात.

अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये पीडिताला नोटीस गेल्याशिवाय जामिनावर से देऊ नका, त्याच कायद्याचं कलम १५ अ. आणि खटला मागे घ्यायचा असेल तर नव्या संहितेच्या कलम ३६० प्रमाणे पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. आरोपी आजी-माजी आमदार-खासदार असतील तर हायकोर्टाची परवानगी लागतेच, हे ऑगस्ट २०२१ पासून आहे. मंत्रालयातून पत्र आलं म्हणून सही करायची नसते, निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या डोक्याने घ्यायचा असतो. हे बोलायला सोपं आहे याची मला कल्पना आहे.

आता दिवाणी बाजू. इथला रोग एकच, उशीर. फाइल तहसीलमधून कलेक्टर ऑफिस, तिथून विभाग, विधी व न्याय, परत खाली, आणि तोवर अपिलाची मुदत गेलेली. २०१२ च्या पोस्टमास्तर जनरलच्या निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगतंय की सरकारला वेगळी मुदत नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा गेलं तर २५ हजारांचा दंड झाला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा असं सांगितलं. लवादाच्या अपिलात आपलंच जलसंपदा खातं होतं, बोरसे ब्रदर्सविरुद्ध, २०२१, १३१ दिवसांचा उशीर माफ झाला नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या गृहनिर्माण मंडळाला हायकोर्टाने ३९६६ दिवस माफ केले होते, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केले.

तेव्हा निकाल लागला त्याच दिवशी, पक्की नक्कल मिळायची वाट न बघता, खात्याला मेल टाका, त्यात अपिलाची शेवटची तारीख ठळक लिहा आणि तुमचं मतही लिहा, अपील करावं की करू नये. करू नये असंही लिहायला शिका. उशीर झालाच तर डिले अर्जात प्रशासकीय कारणास्तव असं मोघम लिहू नका, कुठल्या टेबलावर फाइल कधी आली कधी गेली त्याची तारीखवार यादी द्या, मग निदान कोर्ट वाचून तरी बघतं.

एआयवरून निकाल शोधणाऱ्यांना एवढंच, की मुंबई हायकोर्टाने २०२५ मध्ये आयकराचा एक आदेश रद्द केला तेव्हा त्यात अस्तित्वातच नसलेले निकाल दिलेले होते. सायटेशन, म्हणजे ज्याचा दाखला देताय तो निकाल, हातात प्रिंट असल्याशिवाय बोलू नका, प्रिंट काढलीत तर परिच्छेदही वाचा.

आणि सरकारी वकिलांचं पॅनल बदलतं तेव्हाचं राहिलं. सरकार बदललं की सरकारी वकील बदलतात, नवा माणूस येतो, त्याच्यापुढे फायलींचा ढीग आणि कुठली केस कुठे आहे काहीच कळत नाही. पद सोडताना प्रत्येक फाइलला एक पान लावा: पुढची तारीख, कुठला साक्षीदार राहिलाय, कुठलं सर्टिफिकेट यायचंय, पीडिताशी शेवटचं बोलणं कधी झालं. पान वरतीच लावा, आत घातलं की सापडत नाही.