हरकत नोंदवा, मग मर्ज करा

नमस्कार श्रोतेहो.

सॉफ्टवेअरच्या टीममधलं भांडण सहसा आवाज चढवून होत नाही, ते लिहून होतं. एकानं दोन दिवस खपून कोड लिहिलेला असतो. मर्ज करण्याआधी, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये मिसळण्याआधी, दुसरा तो तपासतो आणि खाली शेरा मारतो, 'हे असं का केलंय?' विचारणाऱ्याला खरोखरच कारण हवं असतं, पण वाचणाऱ्याला त्यात 'अक्कल नाही का?' असं ऐकू येतं. तो तुटक उत्तर देतो, तिसरा मध्ये उडी घेतो आणि संध्याकाळपर्यंत शेऱ्यांची ही रांग लागते. मूळ मुद्दा राहतो बाजूलाच.

आता तोच शेरा असा लिहिलेला बघा. 'यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसकडे वेगळी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, जातेय. हजार ओळी असतील तर हजार क्वेऱ्या होतील. सगळं एकाच क्वेरीत आणता येईल का?' इथं रागवायला जागाच नाही. फार तर समोरचा म्हणेल, 'यादी वीस ओळींच्या वर जातच नाही.' मग बोलणं वीस की हजार यावर येतं, आणि ते मोजून बघता येतं.

काही टीम लीड अभिमानानं सांगतात, आमच्याकडे वाद होतच नाहीत. मला अशा टीमची धास्ती वाटते. तिथं टेस्टरला खोट दिसलेली असते, पण बोलून वाईट कोण होणार म्हणून तो गप्प बसतो, आणि रिलीजनंतर ती खोट ग्राहकाला सापडते.

अर्थात, प्रत्येक वाद घालण्याच्या लायकीचा नसतो. ओळ टॅबनं सरकवायची की स्पेसनं, यावर प्रोग्रामरांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकी फोडली आहेत. 2009 साली जाहीर झालेल्या गो या प्रोग्रामिंग भाषेनं त्यावर झकास तोड काढली. तिच्याबरोबर गोएफएमटी नावाचं साधन येतं. ते सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवतं आणि शैली बदलायची सोय कुणालाच देत नाही. साचा सगळ्यांना आवडतो असं नाही, पण त्यावरची चर्चा मात्र बंद होते.

खरा पेच मोठ्या निर्णयांचा. पायथन भाषेत 2018 साली एका छोट्या चिन्हावरून रण माजलं. अपूर्णविराम आणि त्याला जोडून गणितातलं 'बरोबर'चं चिन्ह, एवढंच. एखाद्या अटीच्या आतच व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, किंमत देण्याची ती सोय. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि त्याच जुलैमध्ये शेवटचा शब्द देण्याचं आपलं पद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि वर इतक्यांचा रोष पत्करायचा, हे आता नको, असा त्यांचा सूर होता. पुढे 2019च्या सुरुवातीला पाच जणांची समिती निवडून आली आणि त्याच वर्षी पायथन 3.8 मध्ये ते चिन्ह दाखलही झालं. बाजू दोन्ही शहाण्या होत्या. माझ्या मते चुकलं ते हे, की सगळ्या निर्णयांचा भार आणि सगळ्यांचा राग एकाच माणसाच्या डोक्यावर साचत गेला.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची रीत तर आणखी मजेशीर आहे. तिथं मतदानानं निर्णय करत नाहीत, ढोबळ सहमतीनं करतात. कल कुणीकडे आहे हे पाहायला अध्यक्ष हुंकार द्यायला सांगतात! पण हुंकारानं निकाल लागत नाही, चर्चा कुठं अडलीय तेवढं कळतं. आरएफसी 7282 या त्यांच्या 2014च्या दस्तऐवजात यामागचा विचार मांडला आहे. हरकतीला उत्तर मिळालंच पाहिजे, ती मान्य व्हायलाच हवी असं नाही. पाच बाजूनं आणि शंभर विरोधात असतानाही ढोबळ सहमती असू शकते, असं त्यात चक्क म्हटलंय. कारण शंभर जण एकच हरकत घेत असतील आणि तिला चोख उत्तर मिळालेलं असेल, तर आकडा किती हा प्रश्न उरत नाही.

तुमच्या पाच-सात जणांच्या टीमला हुंकाराची गरज नाही. पण वाद पेटण्याआधी दोन गोष्टी ठरवून ठेवा. शेवटचा शब्द कुणाचा, आणि कधीपर्यंत. मग निर्णयाचं एक पान लिहून कोडशेजारीच ठेवा. काय निवडलं, काय नाकारलं आणि का, कोणती अट बदलली तर पुन्हा बोलायचं. नाकारलेल्या पर्यायाचा परिच्छेद ज्याचा तो पर्याय होता त्यालाच लिहू द्या. आपलं म्हणणं नीट नोंदलं गेलंय हे दिसलं की माणूस दुसऱ्याच्या निर्णयावरही मन लावून काम करतो. सहा महिन्यांनी नवा आलेला प्रोग्रामर तोच प्रश्न घेऊन आला, तर त्याला ते पान दाखवता येतं.

एक मात्र आहे. शेऱ्यात 'तू नेहमीच', 'तुला कधीच' असे शब्द यायला लागले, तर वाद कोडचा राहिलेला नसतो आणि त्याला हे पान पुरत नाही. तिथं लिहिणं थांबवायचं, फोन उचलायचा आणि दोघांनीच बोलायचं, बाकीच्यांना कॉपी न करता.

नमस्कार.