खुर्ची उलटी करून बघा

नमस्कार, श्रोतेहो. शनिवार-रविवार आला की पर्यटक किनाऱ्याकडे धावतात. आपण गोंयकार, आपल्याला दर्याचं काय अप्रूप? या खेपेला चांदरला जा. कदंबांची ही जुनी राजधानी, पूर्वीचं चंद्रपूर. कोट भागात शिर नसलेला नंदी आहे, तो आधी बघा. मग मेनेझीस ब्रागांझांचा वाडा. तिथली झुंबरं, चिनी मातीची भांडी, शिसवी लाकडाचं कोरीवकाम निवांत बघा. अस्सल वस्तूवर नजर बसली की मगच जुन्या सामानाच्या दुकानात पाय टाकायचा. आधी नजर, मग दुकान.

आमच्या मामांची नजर अशीच बसलेली. हयात सुतारकामात गेली. एका दुकानात (गावाचं नाव नको) त्यांना एक खुर्ची दाखवली. शिसवी, वेताची बैठक, पाठीवर कोरलेली द्राक्षवेल. दुकानदार म्हणाला, "पात्रांव, दीडशे वर्षांची! गव्हर्नर बसायचे हिच्यावर."

मामा म्हणाले, "एकच की सगळे?"

"सगळे!"

मामा बसले. चहा आला, तो सावकाश प्याले. आम्हाला वाटलं, घेतली! कप ठेवला आणि मामांनी खुर्ची उचलून सरळ उलटी केली. खाली चमकत होते फुलीच्या खाचेचे स्क्रू.

"बाबा, हे स्क्रू 1930 नंतरचे, अमेरिकेत निघाले. गव्हर्नर बसायचे ते काय अधांतरी?"

"दुरुस्ती झाली असेल."

"असेल की," मामा म्हणाले. माणूस न्यायाचा. मग त्यांनी पायांच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. वर जो काळपट रंग, तोच आत, तोच सांध्यात. "शंभर वर्षं हात लागतात ते खुर्चीच्या हातांना. ते झिजतात, गुळगुळीत होतात. पायांच्या आत कोण हात फिरवणार? ही सगळीकडून एकाच दिवशी म्हातारी झाली."

दुकानदार गप्प. मग हसून म्हणाला, "मामा, सोमवारपासून गल्ल्यावर बसाल काय?"

मामांचं लक्ष तोवर दाराकडे गेलं होतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेली जुनी आदोळी, म्हणजे खोबरं खोवायची विळी. तिच्यासाठी त्यांनी जी घासाघीस केली, ती खुर्चीच्या गप्पांपेक्षा लांबली. घरी मामी म्हणाल्या, "तीन आदोळ्या आहेत घरात. आणि खोबरं खोवायला मी एकटी!"

तर श्रोतेहो, वस्तू उलटी करून बघा. कपाट असेल तर खण बाहेर काढा, त्याची पाठ बघा. पुन्हा सांगतो, उलटी करून बघा. पितळी म्हणून दाखवलेल्या समईला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड.

जाता जाता एक: आजीचं शिसवी कपाट भंगारात देऊन प्लायवूडचं आणणारी आपलीच माणसं नंतर हॉटेलात बैलाचं जू भिंतीवर टांगलेलं बघून "व्वा, एथनिक!" म्हणतात. शिंपल्यांच्या खिडक्या उखडून अॅल्युमिनियम बसवणाऱ्यांबद्दल मी आकाशवाणीवर बोलू नये हेच बरं.

रविवारी बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय बघा. व्हिक्टर ह्यूगो गोमीश यांनी लोकांनी टाकून दिलेली नांगर, घाणे, दारं-खिडक्या गोळा करून ते उभारलं. जू कशासाठी असतं, ते तिथे कळतं.

आणि कायदा. 1972च्या कायद्याने शंभर वर्षांवरची मूर्ती, चित्र, कोरीव वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. विकणाऱ्याकडे परवाना हवा. दुबईच्या भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर सोडा. देवळातली वाटावी अशी मूर्ती कुणी गुपचूप दाखवली, तर भाव न विचारता बाहेर पडा. बाकी काहीही घ्या, पण पावती घ्या. लेखी पावती, वस्तूच्या वर्णनासकट. नमस्कार.