एक साचा, तीन बावटे

(दृश्य: धोट्याचा क्लोजअप. साच्यांचा खडखडाट.)

हा धोटा, साच्यावर म्हणजे मागावर आडवं सूत फिरवणारा. आतली कांडी संपली की विणकर नवी भरायचा आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. पाळीभर हेच. त्या उष्ट्याचं कारण सांगून दलित कामगाराला साचेखात्यात उभं करत नसत, आणि पगार जास्त होता तो साचेखात्यातच. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, पुढाऱ्यांसमोर ठेवला. गिरणीतल्या वादांची गोष्ट निव्वळ पक्षांपासून सुरू करता येत नाही, ती इथून सुरू करावी लागते.

(दृश्य: परळ. दळवी बिल्डिंगचा जुना फोटो, मग मजदूर मंझिल.)

परळमधली ही दोन ठाणी. दळवी बिल्डिंग म्हणजे गिरणी कामगार युनियन, कॉम्रेड डांग्यांचा लाल बावटा. मजदूर मंझिल म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसच्या वळणाचा. 1966 नंतर तिसरा झेंडा आला, शिवसेनेचा भगवा. दोन वर्षांत तिची कामगार संघटना, भारतीय कामगार सेनाही उभी राहिली.

(दृश्य: चाळीतली खोली. खुंट्या, वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका.)

अशा एका खोलीत कोकणातल्या एकाच गावचे वीस-वीस गडी राहायचे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची. एक लाल बावट्याच्या मोर्चाला जाणारा, एक मंझिलात वर्गणी भरणारा, एक शिवसेनेच्या शाखेत बसणारा. भांडणं व्हायची, कधी हातघाईवरही यायची. पण खानावळ एकच होती, आणि भोंगा झाला की शेजारशेजारच्या साच्यांवर उभं राहायचं होतं. मतभेद घेऊन एकत्र काम कसं करायचं, हे या माणसांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

(दृश्य: वर्गणीची पावती. कॅमेरा सावकाश जवळ.)

आता ही पावती नीट बघा. सगळा पेच हिच्यात आहे.

बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, 1946. या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली. एका गिरणीसाठी एक, असंही नव्हे. अख्ख्या मुंबईतल्या कापड गिरण्यांना मिळून एक! ती ठरायची सभासदसंख्येवरून, किमान 25 टक्के. सभासद मोजायचे वर्गणीच्या नोंदींवरून. गुप्त मतदान नाही. त्यामुळे एखाद्या गिरणीतला झाडून सगळा कामगार दुसऱ्या युनियनकडे गेला, तरी मालकांशी करार करणार प्रातिनिधिक ठरलेलं मंझिलच. खात्यात तीन बावटे आणि वाटाघाटीच्या टेबलावर एकच खुर्ची. कामगाराला मत विचारलं असतं तर त्याने ते दिलं असतं. तीस-पस्तीस वर्षं ते विचारलंच गेलं नाही, आणि आमच्या मते गिरणगावाच्या गोष्टीतली सर्वांत मोठी चूक ती हीच.

(दृश्य: लालबागचा रस्ता, संध्याकाळ.)

5 जून 1970 रोजी इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणूक शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी जिंकली.

(दृश्य: द्वारसभेची कृष्णधवल छायाचित्रं.)

1981 च्या दिवाळीत मंझिलाने केलेला बोनसचा करार कामगारांना पटला नाही. ते कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. डॉक्टरांच्या सभेला लाल बावटेवालेही होते, शाखेतलेही होते आणि मंझिलाची पावती खिशात असलेलेही होते. मागण्यांमध्ये पगारवाढ होती, बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेल्या, कामगारांना कायम करणं होतं, आणि 1946 चा तो कायदा रद्द करा, अशीही मागणी होती.

(दृश्य: बंद गेट. धुरांडं. मागे काचेचा टॉवर.)

18 जानेवारी 1982. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या.

(दृश्य: ट्रंक उघडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं.)

गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराला अर्ज करायचा, तर 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. म्हणून हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, सगळं अजून जपून ठेवलेलं आहे.

(निवेदन थांबते. कागद उलगडण्याचा आवाज.)