ढवळ्या निघाला जपानला

(दृश्य: आजींचे हात, सुई-दोरा, कापडाचे तुकडे)

गोधडी शिवून उरलेल्या तुकड्यांचा हा बैल. शिंगांना लाल गोंडे, पाठीवर झूल. झुलीवरचा आरसा आजींनी दोनदा उसवला, तिसऱ्यांदा मनासारखा बसला. पाचवीच्या मुलांनी नाव ठेवलंय ढवळ्या. उद्या तो पोस्टाने जपानला निघतोय.

तिकडच्या एका वर्गाचं खेळण्यातलं अस्वल आधीच इथे येऊन पोहोचलंय. रोज एका मुलाच्या घरी त्याचा मुक्काम. त्याने काय पाहिलं, काय खाल्लं, हे मुलांनी अस्वलाच्या तोंडून लिहायचं आणि जपानला कळवायचं. ढवळ्याही तिकडून असंच कळवणार.

(दृश्य: शिक्षकांचं प्रशिक्षण, भिंतीवर जगाचा नकाशा)

ही कल्पना ‘आयर्न’ या शाळांच्या जागतिक जाळ्यातली. १९८८ साली, शीतयुद्ध संपायच्या आधी, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडून हे काम सुरू झालं. आज १०० हून अधिक देशांतल्या शाळा त्यात आहेत.

‘मुलांना जगाची ओळख करून द्या’ असं शिक्षकांना सगळेच सांगतात. शेजारी बसून, हे बघा, असं करा, म्हणणारं माणूस मात्र मिळत नाही. या खोलीत नेमकं तेच चाललंय.

पहिली अडचण सुट्ट्यांची. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपलं जूनमध्ये. मे महिन्यात आपली शाळा बंद, ऑगस्टमध्ये त्यांची. दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवून पाचवीच्या बाई खुणा करतायत. सप्टेंबर ते दिवाळी हा काळ सलग हाती लागतो. मग वेळेचं गणित. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. इथे सकाळचे साडेदहा, तिथे दुपारचे दोन. हे गणित बाई मुलांकडूनच सोडवून घेणार आहेत. रोजनिशी मराठीच्या तासाला, घरं आणि जेवण परिसर अभ्यासात. वेगळा तास कुठून काढायचा, हा प्रश्न इथे सुटतो.

आणि एक सूचना फळ्यावर लिहिलेली आहे: उत्तर माहीत नसेल तर शोधून सांगू नका, तिकडच्या मुलांना विचारा.

(दृश्य: वर्ग, अस्वल बाकावर)

“बाई, तिकडे पोळा असतो का?”

“मला नाही माहीत. लिही, विचारू आपण.”

प्रश्नांची वही भरत चाललीये. जपानमधली मुलं वर्गात एकमेकांना जेवण वाढतात आणि शाळेची झाडलोटही करतात, हे कळल्यावर एकीने विचारलंय: खरकटं कोण उचलतं?

आणि ही अस्वलाची रोजनिशी. “आज मी गोठ्यात गेलो. म्हैस माझ्याकडे बघत राहिली. रात्री भाकरी खाल्ली. ती हाताने मोडायची असते. मला एका हाताने जमली नाही.”

मुलं आता जास्त प्रश्न विचारतात, असं बाई सांगतात.

(दृश्य: काही आठवड्यांनंतर. वर्गातला पडदा, व्हिडिओ कॉल)

साडेदहा वाजलेत. पलीकडे एका मुलीने ढवळ्याला कॅमेऱ्यासमोर धरलंय. गोंडे शाबूत आहेत. मागच्या बाकावर आजी येऊन बसल्यात.

(इथून पुढे निवेदन नाही. वर्गातला आवाज तसाच ठेवावा.)