पूर्व जर्मनीतली घरं कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची भाची पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनला किंवा केम्निट्झला शिकायला असेल. तिकडून येणाऱ्या फोटोंत गुळगुळीत रस्ते, नवी ट्राम, रंगवलेल्या जुन्या इमारती दिसतात. हा जर्मनीचा मागे राहिलेला भाग आहे असं सांगितलं, तर घरच्यांना पटत नाही. पण २०२१ साली तिथल्या मध्यवर्ती बँकेनं कुटुंबांची मालमत्ता मोजली. श्रीमंतीच्या उतरंडीत बरोबर मध्ये बसणाऱ्या पश्चिमेकडच्या कुटुंबाकडे, कर्ज वजा जाता, सुमारे १ लाख २८ हजार युरो निघाले. पूर्वेकडच्या तशाच कुटुंबाकडे सुमारे ४३ हजार. जेमतेम एक तृतीयांश!

पगारातलं अंतर आता बरंच कमी झालंय. पेन्शन ठरवण्याचा दर तर १ जुलै २०२३ पासून दोन्हीकडे सारखा आहे. मग मालमत्तेतच एवढी तफावत का?

त्यासाठी १९९० मध्ये, पूर्व आणि पश्चिम जर्मनी हे दोन देश एक झाले त्या वर्षात, जावं लागेल. पूर्वेतल्या समाजवादी राजवटीत कारखाने सरकारचे, शेती बहुतेक सहकारी, शहरातली घरंही बरीचशी सरकारी. सामान्य माणसाची पुंजी म्हणजे पासबुक. १ जुलै १९९० ला पूर्वेच्या मार्काच्या जागी पश्चिमेचा मार्क आला. मोठ्या माणसाची ४ हजार मार्कांपर्यंतची बचत एकास एक दरानं बदलून मिळाली, साठीच्या वरच्यांना ६ हजारांपर्यंत, त्यापुढची निम्म्यानं. बाजारभाव पाहता हा दर उदारच होता. पण कारखान्यांना पगारही त्याच महाग चलनात द्यावे लागले, आणि पूर्व युरोपातली जुनी गिऱ्हाइकं तुटली.

हे सरकारी कारखाने विकण्यासाठी सरकारनं ‘ट्रॉयहांड’ नावाची संस्था नेमली होती. साधारण साडेआठ हजार कंपन्या, ४० लाखांच्या आसपास कामगार, आणि १९९४ च्या अखेरीपर्यंत हे सगळं मार्गी लावायचं. विकत घेणार कोण? पासबुकात चार हजार मार्क असलेला माणूस बोली लावू शकत नव्हता. बहुतेक उद्योग पश्चिमेकडच्यांच्या हाती गेले, कित्येकांना टाळं लागलं. थुरिंगियातल्या बिशोफेरोडे गावात पोटॅशची खाण होती. आमच्या मालाला उठाव आहे, खाण बंद करू नका, असं सांगत १९९३ च्या जुलैत तिथले कामगार उपोषणाला बसले. देशभरातून लोक त्यांना भेटायला गेले. वर्ष संपता संपता खाण बंद झाली.

घरांचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जप्त झालेली मालमत्ता, शक्य तिथे, भरपाईऐवजी मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायची, असं ठरलं. असे कित्येक वारस पश्चिमेत होते. त्यात पूर्वेतल्या बांधकामावर आणि दुरुस्तीवर भरघोस करसवलत मिळाली: खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम सुरुवातीच्याच काही वर्षांत उत्पन्नातून वजा करता येई. आता बघा, ज्याचा कर मोठा, त्यालाच या सवलतीचा फायदा. म्हणजे पुन्हा पश्चिमेतले डॉक्टर, वकील, व्यावसायिक. लाइपझिगच्या पडायला आलेल्या इमारती अशा पैशातून उभ्या राहिल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यात राहणारे भाडेकरूच राहिले, आणि कितीतरी घरांचं भाडं दर महिन्याला पश्चिमेकडे जातं.

त्याच वेळी राहत्या भाडेकरूला ते घर घेण्यासाठी तितकीच सढळ मदत मिळाली असती, तर आजचे आकडे वेगळे दिसले असते, असं मला ठामपणे वाटतं. रस्ते सरकारी पैशातून होतात. घर मुलांच्या नावावर करायचं, तर ते आधी आपल्या नावावर असावं लागतं. पश्चिमेत साठ-सत्तरच्या दशकात बांधलेली घरं आता नातवंडांकडे जात आहेत. पूर्वेत तसं देण्याजोगं थोड्यांकडेच आहे. देशात गोळा होणाऱ्या वारसा करात पूर्वेच्या पाच राज्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो, तो यामुळेच.

पूर्व जर्मनीसाठी नेमलेले केंद्राचे तेव्हाचे आयुक्त कार्स्टन श्नायडर यांनी काही वर्षांपूर्वी एक सूचना केली होती: मोठ्या वारशांवरच्या करातून अठरा वर्षांच्या प्रत्येकाला २० हजार युरो द्यावेत. ती मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँक आधी स्वतःची किती रक्कम भरणार ते विचारते. पश्चिमेतल्या स्टुटगार्टच्या मुलीला ती आजोबांकडून मिळते. गेरासारख्या पूर्वेकडच्या गावातल्या मुलीला ती कुठून मिळावी, याचं उत्तर सरकारनं अजून दिलेलं नाही.