चार सेकंदांसाठी सव्वा वर्ष

(पडद्यावर : काळोख. कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज.)

१९२३ सालचा जपानमधला महाभूकंप. घरदार सोडून लोक रस्त्यावर आलेत. नुसती माणसंच माणसं, आणि त्या गर्दीतला प्रत्येक जण आपापल्या चालीनं चाललाय.

'द विंड रायझेस' या २०१३ च्या, हातानं काढलेल्या जपानी ॲनिमेशनपटातलं हे दृश्य चार सेकंदांचं आहे. ते काढायला एइजी यामामोरी या चित्रकाराला एक वर्ष तीन महिने लागले.

पहिल्यांदा पाहताना ते चार सेकंद माझ्या नजरेतून निसटून गेले होते. त्यामागचं सव्वा वर्ष कळलं, तेव्हा मागे जाऊन ते पुन्हा पाहिले. मग पुन्हा. तेव्हापासून चित्राच्या मध्यापेक्षा कोपऱ्यांत बघायची सवय लागली आणि असे हातानं काढलेले सगळे जपानी चित्रपट मला नव्यानं दिसायला लागले.

(पडद्यावर : टेबलात बसवलेली काच, खालून उजेड. भोकं पाडलेले कागद खुंट्यांवर अडकवलेले.)

एका सेकंदात २४ फ्रेम. एकच चित्र दोन-तीन फ्रेम टिकवलं, तरी सेकंदाला आठ ते बारा चित्रं हवीत. हालचालीचे मुख्य टप्पे एक चित्रकार काढतो, त्यांना जपानीत 'गेंगा' म्हणतात. दोन टप्प्यांमधली चित्रं दुसरे हात भरतात, ती 'दोगा'.

हा हात जरा जवळून पाहा. बोटांच्या बेचक्यांत कागद धरलेत आणि ते भराभर उलटले जाताहेत. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मुलगी वळून पाहते, तर तिची मान आधी वळते की डोळे? केस किती मागे राहतात? काहीतरी खटकतं. खोडरबर फिरतं. रेघ पुन्हा.

पूर्वी ही रेघ सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर उतरवत आणि रंग मागच्या बाजूनं भरत. त्यामुळे समोरची रेघ रंगाखाली बुडत नाही. १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'ला असे सुमारे १ लाख ४४ हजार सेल लागले. पुढं रंगकाम संगणकावर गेलं. पेन्सिल मात्र कागदावरच राहिली.

आपल्यापैकी कित्येकांनी हे हातकाम लहानपणी टीव्हीवर पाहिलंय, फक्त ते जपानी आहे हे ठाऊक नव्हतं. रामायणावरचा तो ॲनिमेशनपट आठवतोय? जपानच्या युगो साको यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पूर्ण केला, आणि मुंबईत ॲनिमेशनमध्ये हयात घालवलेले राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होते.

(पडद्यावर : कोळशाच्या रेघा, वेगानं.)

इसाओ ताकाहाता. स्टुडिओ घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक. ते स्वतः चित्रं काढत नसत, तरी रेघेवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा दिग्दर्शक मला दुसरा माहीत नाही. 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया'मध्ये त्यांना घोटीव, पक्की रेघ नकोच होती. कच्च्या खाक्यात जो जीव असतो, तो त्यांना पडद्यापर्यंत न्यायचा होता. म्हणून कडेला कागद कोरा सुटतो, जलरंग मध्येच विरतात.

आणि मग ती धाव. मेजवानीतलं पाहुण्यांचं बोलणं कागुयाच्या कानावर पडतं आणि ती वाड्याबाहेर झेपावते. अंगावरची भरजरी वस्त्रं एकेक करून गळून पडतात. तिच्यासोबत रेघही सुटते, फाटते. चेहरा उरत नाही, उरतात फक्त काळे फराटे. राग असा काढता येतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

(पडद्यावर : रात्र. पाऊस. रस्त्याकडेचा बसथांबा.)

आता पाऊस. १९८८ चा 'माय नेबर टोटोरो', दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. झाडं, गवत, ओली माती काझुओ ओगा यांच्या चमूनं पोस्टर रंगांत रंगवलेली. सात्सुकी बाबांची वाट पाहत उभी आहे. धाकटी मेई तिच्या पाठीवर झोपलेली. शेजारी एक भलामोठा केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान. ती त्याला बाबांची छत्री देते. आणि बराच वेळ काहीही घडत नाही.

या 'काहीही न घडण्या'ला जपानीत शब्द आहे, 'मा'. मियाझाकींनी एका अमेरिकन समीक्षकाला तो समजावताना टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांच्या मधली जागा, ती मा. गाणं ऐकणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण इथं ती रिकामी जागासुद्धा कुणीतरी बसून, हातानं काढलेली आहे.

झाडावरून टपोरे थेंब छत्रीवर पडतात. टोटोरोचे डोळे विस्फारतात. हा आवाज त्याला नवा आहे.

पुढचं अर्धं मिनिट मी बोलणार नाही. ऐका.

(निवेदन थांबते. छत्रीवर थेंब.)